देखभाल गाडीची देखभाल

मॉडेल रेल्वेच्या जगात मोठी इंजिनं सहसा कुणाला रडवत नाहीत. बारा चाकांचं जाडजूड डिझेल रुळावर ठेवावं, कंट्रोलरची कळ फिरवावी, की ते निमूटपणे दहा-पंधरा डबे ओढत निघतं. रडवते ती त्याच रुळांवरची सगळ्यात चिमुकली गाडी, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगची मोटार-ट्रॉली. एचओ हे जगात सर्वांत जास्त खपणारं प्रमाण. त्यात सगळं खऱ्याच्या ८७व्या हिश्शाचं असतं, म्हणजे सात फुटांची ट्रॉली जेमतेम २४ मिलिमीटरची होते. दहा रुपयांच्या नाण्यावर ती पार्क करता येते. तेवढ्या जागेत मोटर, गिअर, चार चाकं, टोपीवाली दोन माणसं आणि मालकाचे सगळे रविवार बसवलेले असतात.

हा सोस एकदम लागत नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी इंजिन येतं, मग डबे, मग स्टेशन, मग थर्माकोलचा डोंगर आणि डोंगराला बोगदा. बोगदा झाला की करण्यासारखं काही उरत नाही, आणि मॉडेल रेल्वेच्या नादिष्टाला करण्यासारखं काही नसणं हे घरच्यांना फार धोक्याचं. एके रात्री तो लेआउटपुढे उभा राहून गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, ''एवढी मोठी लाइन, आणि हिच्यावर एक गँगमन नाही!''

''गँगमन कशाला?'' घरातून विचारणा होते.

''अगं, रूळ बघायला. खडी सरकते, स्लीपर सैल होतात.''

''पण खडी तुम्हीच फेव्हिकॉलनं चिकटवलीत ना? महिनाभर घरभर तो वास होता.''

हा मुद्दा बिनतोड आहे. मॉडेल रेल्वेची खडी खरोखरच पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदानं चिकटवतात आणि स्लीपर रुळांसकट प्लॅस्टिकचे अखंड येतात. त्यातलं काहीही पुढची पन्नास वर्षं सरकणार नाही. पण ज्या रुळांना दुरुस्तीची तिळमात्र गरज नाही, त्यांच्या दुरुस्तीसाठी यंत्रणा उभी करणं ही गोष्ट सरकारी खात्यांपुरती राखीव आहे, असं कुठे लिहिलेलं नाही.

खऱ्या जगात या गाड्यांचा थाट मोठा गमतीचा असे. आपल्याकडची ढकलट्रॉली पुष्कळांनी खिडकीतून पाहिलेली असते. लाकडी बाकावर मोठ्या छत्रीखाली रूळ तपासायला निघालेले पी.डब्ल्यू.आय. साहेब, आणि मागे रुळांवरून धावत ट्रॉली ढकलणारे ट्रॉलीमन. गाडीनं वेग घेतला की ढकलणारे टुणकन मागे चढून बसतात, वेग मंदावला की पुन्हा उतरतात. साहेब मात्र दोन्ही वेळा बसलेलेच. अमेरिकेत ढकलायला माणसं न लावता इंजिन बसवलं. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावच्या कारखान्यानं अशा मोटार-ट्रॉल्या पिढ्यान्‌पिढ्या बनवल्या. तिकडे त्यांना 'स्पीडर' म्हणतात. एका सिलिंडरचं इंजिन फट्‌फट्‌ करत मैलभर आधी ऐकू येई, त्यामुळे गँग कामावर येते आहे की आताच झोपेतून उठली आहे, हे मुकादमाला पाहावं लागत नसे.

या खऱ्या ट्रॉल्यांची एक खोड इथेच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ तिच्यात आहे. सिग्नलसाठी जिथे रुळांतून वीज सोडलेली असते, तिथे ट्रॉलीची दोन बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेली असावी लागतात. नाहीतर छत्रीखालच्या साहेबांना आख्खी मेल समजून सिग्नल लाल व्हायचा. म्हणजे खऱ्या ट्रॉलीनं एका रुळातली वीज दुसऱ्या रुळात जाऊ द्यायची नाही, असा दंडक. मॉडेलमधली ट्रॉली त्याच विजेवर जगते. एका रुळातून घ्यायची, मोटरमधून फिरवायची, दुसऱ्या रुळात सोडायची. थोरलीला जे निषिद्ध, तेच धाकटीचं अन्न. अशा घरात स्वास्थ्य कुठून नांदणार?

पण आधी ती मिळाली पाहिजे.

या गाड्यांच्या बाजारात वर्तमानकाळ नावाचा काळच नाही. कंपनी घोषणा करते, आगाऊ मागण्या घेते, एकच खेप बनवते आणि मोकळी होते. दुकानात विचारावं तर उत्तर दोनच. ''येणार आहे.'' काही महिन्यांनी, ''संपली.'' ''आहे'' हे उत्तर मिळालेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. मग उरतो जुन्या मालाचा बाजार, आणि त्या बाजाराची भाषा शिकायला स्थळांच्या जाहिराती वाचून तयार झालेली नजर लागते. 'चालवून पाहिलेली नाही' याचा अर्थ तीनदा चालवून पाहिली, चालली नाही. 'किरकोळ साफसफाई केल्यास उत्तम' म्हणजे मोटर जळाली आहे. 'एक माणूस कमी' हे मात्र शब्दशः खरं असतं. बिचारा कुठल्यातरी व्हॅक्युम क्लीनरमध्ये नोकरीला लागलेला असतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट स्प्रिंगफील्डला दर जानेवारीत ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं मोठं प्रदर्शन भरतं. पुण्यातल्या नादिष्टाचा पुतण्या न्यू जर्सीत असेल, तर त्या शनिवारी त्याची सुटका नसते. बर्फातून तीन तास गाडी हाकत तो तिथे पोचतो आणि गर्दीत उभा राहून व्हिडिओ कॉल लावतो.

''काका, सापडली. हातानं दांडा मारणारी दोन माणसं आहेत, हीच ना?''

''तीच! पण मोटरवाली आहे का नुसती शोभेची? बोटानं हलकेच ढकल, चाकं फिरतात का बघ.''

''वा! मस्त फिरतायत, काका!''

''मग ठेव खाली.''

पुतण्याला वाटतं, काकांचं वय झालं. पण काकांचं बरोबर आहे. मोटर असलेल्या छोट्या गाडीत बहुधा वर्म गिअर असतो आणि तो चाकांकडून उलटा फिरत नाही. ढकलल्यावर जी गाडी अडून बसते ती चालणारी, आणि जी झकास पळते ती निकामी. असल्या गाड्या विकत घेताना माणसाला आयुष्यातले बरेच आडाखे उलटे करून घ्यावे लागतात. अखेर अडून बसणारी एक सापडते, पुतण्याच्या बॅगेत व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि चॉकलेटांच्या मधून प्रवास करते आणि पुण्याला येते. चॉकलेटं वाटली जातात. व्हिटॅमिनच्या बाटल्या कपाटात जातात. ट्रॉली मात्र जेवणाच्या टेबलावर, भिंगाखाली.

इथे पहिला साक्षात्कार होतो. बाकमन कंपनीची अशी दोन माणसांची दांडा-ट्रॉली नीट पाहिली, की कळतं की ती माणसं गाडी चालवत नाहीत, गाडीच त्यांना चालवते. मोटर चाकं फिरवते, चाकं दांड्याला हलवतात आणि दांडा त्या दोघांना कमरेतून वाकवतो, पुन्हा उभा करतो, पुन्हा वाकवतो. घाम गाळल्याचा आविर्भाव पूर्ण, काम शून्य. मोठ्या कार्यालयांतून आयुष्य काढलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटतं आणि ते बराच वेळ बघत राहतात.

मग ती रुळांवर ठेवली जाते. कळ फिरते. काही होत नाही. कळ आणखी फिरते. काही होत नाही. कळ पाऊण फिरते आणि ट्रॉली बंदुकीतून सुटते. एचओमध्ये वेगाचा हिशोब असा, की सेकंदाला ३० सेंटिमीटर अंतर कापलं तर ते खऱ्या जगातले ताशी ९४ किलोमीटर होतात. फूटभर लांबीचा फलाट ट्रॉली एका सेकंदात मागे टाकते. म्हणजे ते दोघे कष्टकरी हातानं दांडा मारत ताशी ९४च्या वेगानं स्टेशनातून गेलेले असतात, आणि कमरेतून इतक्या जलद वाकत असतात की दिसेनासे झालेले असतात. पुढे सांधा येतो. तिथे ट्रॉली जी थांबते, ती थांबतेच.

सांध्यावर नेमकं काय होतं, ते डोळा रुळाच्या पातळीला आणल्याशिवाय कळत नाही. नादिष्ट गुडघ्यावर बसतो, गाल लेआउटच्या कडेला टेकवतो, एक डोळा मिटतो. जिथे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे शॉर्ट होऊ नये म्हणून पुष्कळ सांध्यांमध्ये मधला तुकडा, ज्याला फ्रॉग म्हणतात, प्लॅस्टिकचा किंवा वीज नसलेला ठेवतात. बारा चाकांच्या डिझेलला याचा पत्ताही लागत नाही, त्याची चार चाकं प्लॅस्टिकवर असली तर आठ चाकं विजेवर असतात. ट्रॉलीची मुळात चाकंच चार, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सेंटिमीटरभर. एका बाजूची दोन्ही चाकं त्या मेलेल्या तुकड्यावर गेली, की तिच्या दृष्टीनं गावची वीज गेली. त्यातून वजन इतकं कमी, की एखादा केस रुळावर असला तरी चाक उचललं जातं. आत वजन वाढवावं तर आत मोटर आहे. मोटर काढावी तर वजन कशासाठी वाढवायचं, हा प्रश्न उरतो.

फ्रॉगला वीज देता येते. त्यासाठी निराळ्या जातीचा सांधा घ्यायचा, लेआउटखाली उताणं झोपून तारा जोडायच्या आणि सांधा बदलेल तशी फ्रॉगची वीज बदलणारा स्विच बसवायचा. एका २४ मिलिमीटरच्या गाडीसाठी सगळ्या लाइनचे सांधे उखडले जातात. खरी रेल्वे याला मेगाब्लॉक म्हणते आणि निदान आधी जाहीर तरी करते.

सांधे झाले, तरी रूळ उरतातच. मॉडेलचे रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे असतात. नाव ऐकून तिजोरीकडे धावायचं कारण नाही, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. त्यावर धूळ बसते, तेल उडतं, चाकाखाली बारीक ठिणग्या पडून काळं किटण धरतं. मोठं इंजिन ते चिरडून जातं. ट्रॉली त्याच्यापुढे पाहुण्यांना पाहून आत पळणाऱ्या मुलीसारखी बुजते. म्हणून ट्रॉली बाहेर काढायच्या आधी रूळ पुसावे लागतात, आणि पुसण्याच्या पद्धतीवरून या छंदात जितके पंथ आहेत तितके वारकरी आणि शैव मिळूनही झाले नसतील. एक पंथ आयसोप्रोपिल अल्कोहोलवाल्यांचा. दुसरा खडबडीत रबराच्या ठोकळ्यानं रूळ घासणाऱ्यांचा. त्यांना पहिला पंथ पापी समजतो, कारण घासल्यानं बारीक ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. तिसरे सांगतात, केस कापायच्या मशीनचं तेल थेंबभर लावा. चौथे त्याच रुळांवर ग्राफाइटची कांडी ओढतात. मोटारीच्या गिअरबॉक्समधलं तेल लावणारेही आहेत. प्रत्येक पंथाकडे 'आमच्याकडे वर्षानुवर्षं रूळ पुसावेच लागत नाहीत' असं सांगणारा एक ज्येष्ठ साधक असतो. त्याचा लेआउट पाहायला गेलं, की तो नेमका दुरुस्तीसाठी बंद असतो.

तर नादिष्ट फडकं घेऊन रूळ पुसतो आहे. बोगद्याच्या आत हात जात नाही म्हणून काठीला फडकं बांधलं आहे. काठी बोगद्यात, माणूस पलंगाच्या आणि डोंगराच्या मधे.

''अहो, ती नवी गाडी आली ना, ती नक्की काय करते?''

''रुळांची देखभाल.''

''मग रूळ तुम्ही का पुसताय?''

''तिला चालता यावं म्हणून.''

यावर घरातून काही उत्तर येत नाही. स्वयंपाकघरात भांडं जरा मोठ्यानं ठेवल्याचा आवाज येतो.

या बोलण्यावर तोडगा म्हणून रूळ खरोखरच पुसणारी गाडी बाजारात आहेच. जपानच्या टोमिक्सचा एक साफसफाईचा डबा प्रसिद्ध आहे. त्यात मोटर आहे, पण ती चाकं फिरवत नाही. आतली चकती नाहीतर पंखा फिरवून ती रूळ घासते किंवा धूळ ओढून घेते. म्हणजे डबा जागच्या जागी उभा राहून जिवाच्या आकांतानं गरगरतो, त्याला पुढे न्यायला इंजिन निराळं लागतं. बागेत ४५ मिलिमीटर गेजवर चालणाऱ्या जर्मन एलजीबीनं साफसफाईचं इंजिनच काढलं. त्याची चालायची चाकं वेगळी आणि रूळ घासणारी खरखरीत चाकं वेगळी. काम उत्तम करतं, फक्त ते पानाफांद्यांत कुठे अडकून पडलं आणि मालक चहा प्यायला आत गेला, तर घासणारी चाकं त्याच एका जागी इमानेइतबारे घासत राहतात आणि रुळाला खळगा पाडून ठेवतात. देखभाल अति झाली की दुरुस्ती निघते, ती अशी.

सगळ्यात शहाणा निघाला तो कॅलिफोर्नियातला जॉन ॲलन. मॉन्टेरीच्या आपल्या घरात त्यानं 'गोर अँड डॅफेटिड' नावाची मॉडेल रेल्वे उभारली आणि तिचे फोटो पाहून निम्म्या अमेरिकेला हा नाद लागला. हे नाव इंग्रजीत भरभर म्हटलं की रक्तबंबाळ होऊन हरल्यासारखं ऐकू येतं, तेव्हा गृहस्थाला अनुभव दांडगा असावा. रूळ स्वच्छ ठेवायला त्यानं यंत्रबिंत्र काही केलं नाही. साध्या मालडब्यांच्या पोटाखाली हार्डबोर्डचा एकेक तुकडा सैल लटकवला. डबे गाडीला जोडून हिंडले की रूळ आपोआप पुसले जात. याच ॲलनच्या यार्डात डबे हलवायला इंजिनाऐवजी एक डायनोसॉर ठेवलेला असे, एमा नावाचा स्टेगोसॉरस. तिला चाकं नव्हती, वीज लागत नव्हती आणि फ्रॉगवर ती कधी अडकली नाही. या सगळ्या लेखात विनातक्रार चालणारं वाहन म्हणून तेवढं एकच नाव घेता येतं, आणि तेही जागचं हलत नव्हतं.

जुनी खोडं मात्र म्हणतात, या गाड्या आता बिघडल्या. खरा काळ लायोनेलचा. आणि लायोनेलची गोष्ट आहेच सांगण्यासारखी. १९३४ साली महामंदीनं ही अमेरिकन कंपनी कर्जबाजारी होऊन कोर्टानं नेमलेल्या माणसांच्या ताब्यात होती. त्या वर्षी तिनं एक छोटी किल्लीची ट्रॉली काढली. दांड्याच्या एका बाजूला मिकी माउस, दुसऱ्या बाजूला मिनी, खाली गोल रूळ आणि किंमत एक डॉलर. किल्ली दिली की दोघं आलटून पालटून दांडा मारत गरगर फिरत. नाताळच्या हंगामात अडीच लाखांच्या आसपास खपल्या, आणि उंदरानं कंपनी वाचवली, अशी दंतकथा झाली. हिशोब तपासणारे कुरकुर करतात, की एका डॉलरच्या खेळण्यातल्या नफ्यात तेवढं कर्ज फिटणार कसं, कंपनी सावरायला इतरही गाड्या होत्या. त्यांचं बरोबरच असेल. पण हिशोबनिसांच्या सांगण्यावरून दंतकथा बंद पडल्याचं उदाहरण कुठे आहे?

पुढे १९५४ साली लायोनेलनं ५० नंबरची गँग-कार काढली, तीही तुफान चालली. तिला दोन्ही टोकांना बंपर होते. भिंतीला, म्हणजे रुळाच्या शेवटच्या अडथळ्याला, धडकली की ती आपसूक उलटी फिरे, आणि वर उभा असलेला माणूस गर्रकन वळून नव्या दिशेला तोंड करी. धडकायचं, तोंड फिरवायचं, पुन्हा दुसरीकडे जाऊन धडकायचं. पोरांना हे इतकं आवडलं की कंपनीनं एकामागून एक छोट्या गाड्यांची रांगच लावली. खडी ठोकणारी आली, बर्फ लोटणारी आली, साहेबांच्या तपासणीसाठी रुळांवरून धावणारी डिसोटो स्टेशन वॅगन आली. आणि १९५७ साली आली ५५ नंबरची टाय-जेक्टर. हिचं काम एकच, चालता चालता पोटातले चिमुकले स्लीपर एकेक करून बाजूला भिरकावायचे. गाडी दिवाणखान्याला एक फेरी मारी आणि मागे बाप सोफ्याखाली पालथा पडून, हात कोपरापर्यंत आत घालून स्लीपर गोळा करत बसे. मूल वरून विचारी, ''सगळे सापडले का? पुन्हा सोडू?'' देखभाल करणारी गाडी आणि देखभाल करणारा माणूस यांच्यातलं नातं इतक्या स्वच्छपणे कुणीच मांडलेलं नाही.

जर्मनांनी तर खऱ्या रुळांवरच खेळणं आणलं. १९५५ साली तिथल्या रेल्वेनं फोक्सवॅगनच्या डबा-व्हॅनला रेल्वेची चाकं लावून केएलव्ही-२० नावाच्या तीस ट्रॉल्या करून घेतल्या. व्हॅनच ती, पुढे जायला चार गिअर आणि मागे यायला एक. त्यामुळे मुक्कामाला पोचल्यावर परतीची पंचाईत. यासाठी व्हॅनच्या पोटाखाली हायड्रॉलिक जॅक बसवला होता. तो खाली सोडायचा, आख्खी व्हॅन रुळावरून उचलायची, जागच्या जागी फिरवायची आणि पुन्हा टेकवायची. ब्रेकिना कंपनीचं हिचं एचओ मॉडेल देखणं आहे, हेडलाइटपासून खिडकीच्या रबरापर्यंत सगळं जागच्या जागी. तिला फिरवायला मात्र वरून एक हात येतो.

या हाताला अमेरिकन नादिष्टांनी मोठं मानाचं नाव दिलं आहे, 'झिरो-फाइव्ह-झिरो'. वाफेच्या इंजिनांची ओळख चाकांच्या मांडणीवरून सांगायची तिकडची पद्धत आहे, पुढची छोटी चाकं किती, ओढणारी मोठी किती, मागची किती. त्या हिशोबानं पुढे शून्य, मागे शून्य आणि मधे पाच असं जे इंजिन, ते म्हणजे मालकाचा पंजा. प्रत्येक लेआउटवर हे इंजिन सर्वांत जास्त चालतं, त्याला वीज लागत नाही, आणि फोटो काढताना ते नेमकं चौकटीबाहेर असतं.

पंजाला रजा द्यायची तर आधुनिक शास्त्राची मदत घ्यावी लागते. डीसीसी नावाच्या पद्धतीत गाडीच्या पोटात एक चिमुकला डिकोडर असतो आणि त्याला जोडून कपॅसिटर बसवता येतो. रुळातली वीज क्षणभर तुटली तर कपॅसिटर तेवढी वेळ निभावून नेतो. अडचण एवढीच, की कपॅसिटर ट्रॉलीत मावत नाही. मग ट्रॉलीच्या मागे एक गाडा जोडायचा, त्यात कपॅसिटर ठेवायचा आणि वर अवजारांची पेटी चिकटवून तो झाकायचा. गाड्याच्या चार चाकांतूनही वीज घेतली तर आणखी बरं. गाडा जड झाला, ट्रॉलीला ओढवेना, म्हणून मोटरही गाड्यात हलवायची. एवढं झालं की ट्रॉली अप्रतिम चालते. कारण ती आता चालतच नाही, तिला मागून गाडा ढकलत असतो. म्हणजे अमेरिकन मोटार-ट्रॉली विकत घेऊन, डिकोडर लावून, तारा जोडून नादिष्ट अखेर भारतीय रेल्वेच्या ढकलट्रॉलीपाशी येऊन पोचलेला असतो.

मध्यंतरी दर्शनाचा दिवस येतो. कोथरूडला जोशी मंडळींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८पासून आहे, तिथे सिग्नल, सर्कस, रोपवे सगळं एका कळीवर हलताना पाहून आलेली पोरं फार चिकित्सक झालेली असतात. त्यांना घरी बोलावणं हे धाडसच. पण सोसायटीतल्या दोघा-तिघांचे आईवडील म्हणतात, ''आमच्या पिंट्याला रेल्वेचं वेड आहे, जरा दाखवा की,'' आणि नादिष्टाच्या तोंडून 'या' निघून जातं.

आदल्या रात्री ट्रॉलीनं न अडखळता गोल गोल फेऱ्या मारलेल्या असतात. पाहायला कुणी नसतं. दुसऱ्या दिवशी खोलीत माणसं भरतात, वहिनी पोहे आणतात, पंखा लावला जातो, आणि पंख्याबरोबर कपाटावरची सगळी धूळ शांतपणे रुळांवर उतरते. मोठं डिझेल झोकात फिरतं. टाळ्या होतात. ''आता खरी गंमत,'' असं म्हणून नादिष्ट ट्रॉली पुढे आणतो, कळ फिरवतो, आणि ट्रॉली स्टेशनाबाहेरच्या दुसऱ्याच सांध्यावर बसकण मारते.

''थांबा हं, गरम झाली की चालते.''

ती गरम होत नाही. नादिष्ट होतो. एक बोट टेबलावर आपटतो, मग टेबलाखाली वाकतो, मग वर येऊन फुंकर मारतो. फुंकरीनं दोघांपैकी एक माणूस उडतो. पिंट्याचे वडील मोबाइल काढतात. वहिनी विचारतात, ''चहा टाकू का?'' घरात हा प्रश्न नेमक्या याच क्षणी यायचा असतो.

पिंट्या मात्र हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून त्या ट्रॉलीकडे टक लावून पाहत असतो.

''आजोबा, खरी अशी गाडी रुळावर असली आणि मागून मेल आली, तर?''

आजोबांना उत्तर माहीत असतं, त्यामुळे चेहरा उजळतो. ''अरे, ती हलकी असते. वरची माणसं खाली उतरतात, दांड्याला धरून ती उचलतात आणि रुळाच्या बाजूला नेऊन ठेवतात. मेल गेली की पुन्हा चढवायची.''

''रोज?''

''रोज. दिवसातून कितीतरी वेळा.''

पिंट्या दोन बोटांनी ट्रॉली उचलतो, डोंगराच्या पायथ्याशी हिरव्या भुशाच्या गवतावर नीट ठेवतो आणि म्हणतो, ''मग आजोबा, तुमची बरोबर चालतेय की! सोडा आता मेल.''